घरी कॉफी भाजताना गॅसचा बर्नर कोणता निवडावा?

बुंदेलखंडात हरभरे व लाह्या भाजण्याची परंपरा जुनी आहे. भडभुंजा तापलेल्या वाळूत दाणे फिरवतो. वाळूमुळे प्रत्येक दाण्याला सारखी आच लागते आणि दाणा करपत नाही. झाशीत राहून कॉफीचे कच्चे दाणे घरी भाजू इच्छिणाऱ्यांनी हेच तत्त्व ध्यानात ठेवणे हिताचे ठरेल. कॉफीला प्रखर आच नको, तर समान पसरणारी व तत्काळ कमी-अधिक करता येणारी आच हवी.

कॉफी हे या भागाचे पीक नाही. देशातील बहुतांश कॉफी कर्नाटक, केरळ व तामिळनाडूत पिकते. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे तिची थोडी लागवड आहे. दुरून मागवलेले हे दाणे चुकीच्या आचेमुळे वाया जाऊ नयेत, यासाठी बर्नरची निवड विचारपूर्वक करणे आवश्यक आहे.

आच किती असावी?

कच्च्या दाण्यांत साधारणतः १० ते १२ टक्के ओलावा असतो. भाजताना तो प्रथम निघून जातो, दाणे पिवळसर होतात आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पहिली तडतड ऐकू येते. घरी ही भाजणी १० ते १५ मिनिटांत पूर्ण व्हावी. आच अपुरी असल्यास दाणे नुसते वाळतात. अति झाल्यास बाहेरून करपून आतून कच्चे राहतात. तडतड सुरू झाल्यावर दाण्यांतूनही उष्णता बाहेर पडू लागते. म्हणूनच मंद आचेवरही स्थिर जळणारा बर्नर हवा.

पाव किलो दाण्यांसाठी सुमारे दीड किलोवॉट क्षमता पुरेशी ठरते. उघड्या कढईतील बरीचशी उष्णता हवेत जाते, हे या अंदाजात गृहीत धरले आहे. घरगुती शेगडीचा मध्यम बर्नर एवढी आच देऊ शकतो. बारा मिनिटांच्या भाजणीस साधारणतः २५ ग्रॅम गॅस लागतो.

कोणता बर्नर निवडावा?

कढईसाठी बारीक छिद्रांची गोल पितळी टोपी असलेला बर्नर आणि जाड बुडाची लोखंडी कढई योग्य होय. वाळूचे काम येथे हे जाड बूड करते. फिरत्या पिंपात भाजायचे असल्यास पिंपाच्या लांबीएवढा नळीचा बर्नर घ्यावा. अन्यथा मधले दाणे काळे पडतात व कडेचे फिके राहतात.

हलवायाच्या भट्टीचा बर्नर मात्र घरी आणू नये. तो उच्च दाबावर चालतो, तर घरगुती रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ३० मिलिबार एवढ्या अल्प दाबाने येतो. भट्टीच्या बर्नरसाठी रेग्युलेटर बदलणे धोक्याचे आहे. तसेच १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास कायद्याने मनाई आहे. भाजलेली कॉफी विकायची असल्यास व्यावसायिक सिलिंडर घ्यावे लागते. पाइपद्वारे येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी बर्नरचे जेट वेगळे असते. ते जाणकार तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावे.

ऋतू आणि सुरक्षितता

मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो व उष्ण वारे वाहतात. वाऱ्याने ज्योत विझल्यास गॅस जमिनीलगत साचतो. त्यामुळे बर्नरला आडोसा करावा. मात्र सिलिंडर आडोशाबाहेर ठेवावे. हिवाळ्यात याउलट दारे-खिडक्या बंद ठेवण्याची चूक होते. बंद खोलीत विषारी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. भाजताना निघणारा धूरही बाहेर जाणे आवश्यक आहे.

ज्योत निळी असावी. ती पिवळी पडल्यास काजळी धरते व दाण्यांना वास लागतो. दाण्यांची पातळ साले उडून बर्नरवर पेट घेतात, म्हणून प्रत्येक भाजणीनंतर छिद्रे साफ करावीत. शेगडी व रबरी नळी आयएसआय चिन्हांकित असावी आणि नळी पाच वर्षांनी बदलावी. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

नवा बर्नर घेण्यापूर्वी घरच्याच शेगडीवर शंभर ग्रॅम दाणे भाजून पाहावेत. अनेकांना वेगळ्या बर्नरची गरजच नसल्याचे त्यावरून लक्षात येईल.