संचालन प्रणाली बदलल्यानंतर फाइल व ड्राइव्ह शोधणे

विंडोजऐवजी लिनक्स ही संचालन प्रणाली वापरू लागल्यावर संगणकातील जुने ड्राइव्ह व फाइली नेहमीच्या जागी दिसत नाहीत. स्थापनेच्या वेळी संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला नसेल, तर माहिती बहुधा डिस्कवर शाबूत असते. केवळ तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग बदललेला असतो.

रचनेतील फरक

विंडोजमध्ये डिस्कच्या प्रत्येक विभाजनाला रोमन अक्षर दिले जाते. ए व बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी असल्याने हार्ड डिस्कची सुरुवात सी पासून होते. ही प्रथा एमएस-डॉसपासून चालत आली आहे. लिनक्समध्ये अशी अक्षरे नसतात. सर्व फाइली तिरक्या रेघेने (/) दर्शविल्या जाणाऱ्या एकाच मूळ निर्देशिकेखाली येतात व प्रत्येक विभाजन तिच्यातील एखाद्या निर्देशिकेला जोडले जाते. या जोडणीस 'माउंट करणे' म्हणतात. वापरकर्त्याच्या फाइली 'होम' निर्देशिकेत, तर पेनड्राइव्ह व अन्य विभाजने साधारणपणे 'मीडिया' निर्देशिकेत आढळतात. सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही डेबियनवर आधारित असल्याने तिची मांडणीही अशीच आहे.

ड्राइव्ह ओळखणे

अक्षराच्या अभावी विभाजन त्याच्या लेबलवरून किंवा आकारावरून ओळखावे लागते. फाइल व्यवस्थापकाच्या बाजूच्या पट्टीत त्यावर क्लिक केल्यास ते माउंट होते. विंडोजचे एनटीएफएस स्वरूप लिनक्सला वाचता येते. मात्र 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज पूर्णतः बंद झालेले नसल्यास असे विभाजन केवळ वाचनासाठी उघडते किंवा उघडतच नाही. बिटलॉकरने कूटबद्ध केलेल्या विभाजनासाठी पासवर्ड किंवा रिकव्हरी की लागते. याउलट, लिनक्सचे एक्स्ट४ विभाजन विंडोजला सहसा वाचता येत नाही व ते फॉरमॅट करावे का, अशी विचारणा होऊ शकते. त्यास होकार दिल्यास त्यातील फाइली गमावण्याचा धोका असतो.

नावाने शोध

लिनक्समध्ये रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे भिन्न मानली जातात. युनिकोडमधील देवनागरी नावे प्रणाली बदलूनही टिकतात; तथापि 'दाभोळ' व 'दाभोल' ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी नावे असल्याने दोन्ही रूपांनी शोध घ्यावा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन चिन्हांच्या रूपात साठवलेला असतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक दिसतो व मराठी शब्दाने सापडत नाही. अशा फाइली खराब झालेल्या नसतात. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर त्या वाचता व शोधता येतात.