सोटा, आये आणि नऊवारी

मराठी विनोदाने पुरुषाची व्याख्या कधी सरळ केली नाही. दोन नमुने शेजारी उभे केले आणि फरक प्रेक्षकांवर सोपवला. 1930च्या दशकात चिं. वि. जोशींनी किरकोळ, भित्रा, बायकोमुलांत गुरफटलेला चिमणराव आणला आणि त्याच्या जोडीला सोटाधारी गुंड्याभाऊ दिला. तालीमबाज गुंड्याभाऊ कोणालाही अंगावर घेईल, पण वाचकाने घरी नेला तो चिमणरावच. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घराघरांत पोहोचवली.

बलोपासना आणि ब्रह्मचर्य यांची तेव्हा चलती होती. अत्र्यांनी 1938च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात त्याच निश्चयाची टर उडवली. आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेतलेला औदुंबर किशोरी या तरुणीने डळमळीत केला. ‘सोंगाड्या’त (1971) दादा कोंडक्यांनी पुरुष आणखी खाली आणला. त्यांचा नाम्या ढगळ चड्डीतला, ‘आये’च्या धाकातला. रुबाबदार नायकाच्या शेजारी तो गबाळाच दिसला असता, पण पब्लिकने शिट्ट्या वाजवल्या त्या त्याच्यासाठी.

साडीतल्या पुरुषाची गोष्ट मात्र वेगळी. बालगंधर्व शालू नेसून आले की कोणी हसत नसे. उलट बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करत. रंगभूमीवर स्त्रिया आल्या, पुरुषाने साडी नेसण्याची गरज संपली आणि तिथून ती साडी हसण्याचा विषय झाली. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’ने त्यावर नाट्यगृहे भरवली. ‘अशी ही बनवाबनवी’त (1988) पुण्यात बिऱ्हाड मिळावे म्हणून सुधा आणि पार्वती अवतरल्या. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या त्या सोंगावर आजही घरेच्या घरे हसतात.

ते हसू निर्धास्त असते, कारण पदराआडचा गडी शेवटी पँटीत परतणार हे ठाऊक असते. 2010च्या ‘नटरंग’ने ही हमीच काढून घेतली. पीळदार अंगाचा गुणा कागलकर तमाशासाठी बायकी हावभावांचा नाच्या झाला, आणि गावाने त्याला पुन्हा गडी मानले नाही. आपल्या विनोदाने भित्र्याला, गबाळ्याला, बायकोला घाबरणाऱ्याला मोठ्या मनाने पुरुषांत घेतले. बायकी म्हणून हिणवल्या गेलेल्याला मात्र त्याने सोंगापुरतेच आत येऊ दिले.