शिवडीचा उन्हाळी समुद्र : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वैशाखी पौर्णिमेच्या संध्याकाळी, मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या आणि परळ-लालबागच्या चाळींतून दिवसभर अंगाची काहिली झालेली, अशा वेळी थोडा गार वारा मिळावा म्हणून एखादे कुटुंब शिवडी स्थानकावर उतरते, गोदामांच्या रस्त्याने धक्क्यापर्यंत चालत जाते, आणि पाहते तो समुद्र जागेवर नाही. नजर पोचेल तिथवर करडा, ओला, मावळतीच्या उजेडात चकाकणारा चिखल, त्यात एका कुशीवर कललेल्या होड्या आणि फार दूर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. मंडळी हिरमुसून परततात. हेच कुटुंब आठवड्याने, वद्य अष्टमीला, त्याच घटकेस आले असते, तर पाणी किनाऱ्याशी येऊन ठेपलेले दिसले असते. समुद्राने फसवले नव्हते. तो आपल्या वेळापत्रकाप्रमाणे वागला होता, आणि ते वेळापत्रक घरातल्या भिंतीवरच्या पंचांगात टांगलेलेच होते.

समुद्राविषयीचे आपले बहुतेक गैरसमज एकाच गफलतीतून जन्मतात. पाण्याची पातळी, पाण्यावरची लाट आणि पाण्यावरून येणारा वारा या तिन्हींना आपण ‘समुद्र’ या एका नावाखाली घालतो, आणि एकीची बातमी ऐकून दुसरीविषयी अनुमान बांधतो. वस्तुतः पातळीचे धनी चंद्र आणि सूर्य, लाटेचा धनी जवळचा वा हजारो कोस दूरचा वारा, आणि किनाऱ्यावरच्या उन्हाळी वाऱ्याचे धनी जमीन व पाणी यांच्या तापण्यातले अंतर. हा भेद मुंबईत शिवडीइतका स्पष्ट दिसणारी दुसरी जागा क्वचितच असेल. म्हणून तिच्याच आधाराने हे गैरसमज तपासू.

गैरसमज : समुद्र म्हटला की चौपाटी आणि लाटा आल्याच.

वस्तुस्थिती : गिरगाव आणि दादर यांचे किनारे पश्चिमेच्या खुल्या अरबी समुद्राला सामोरे आहेत, शिवडी मुंबई बेटाच्या पूर्व अंगाला, बंदराच्या आत आहे. खुल्या समुद्रावरची लाट येथवर यायची तर तिने कुलाब्याला वळसा घालून बंदराच्या दक्षिणमुखातून शिरावे, घारापुरीसारख्या बेटांच्या आसपासचे उथळ पाणी ओलांडावे, आणि शेवटी या विस्तीर्ण चिखलावर चढावे लागते. वाटेत तिचे बळ सरते, आणि उरलेसुरले तळाचा मऊ गाळ शोषून घेतो. लाट ज्या किनाऱ्यावर आपटते तेथे बारीक गाळ वाहून जाऊन वाळू उरते; जेथे पाणी निवांत असते तेथे खाडीने आणलेला गाळ बसतो. म्हणजे शिवडीचा चिखल हाच तेथे मोठी लाट येत नसल्याचा पुरावा आहे. कित्येकांना तो निव्वळ घाण वाटतो. शहराचे सांडपाणी त्यात मिसळते ही खेदाची गोष्ट खरीच. परंतु त्याच गाळातील सूक्ष्म शैवाल आणि बारीक जीव यांच्यावर हजारो रोहित हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत गुजराण करतात, आणि काठच्या तिवरांच्या मुळ्या त्याला धरून ठेवतात. येथे उन्हाळ्यात दिसतात त्या दुपारच्या वाऱ्याने उठणाऱ्या आखूड लहरी. वारा पडला की त्याही पडतात.

गैरसमज : ‘साडेचार मीटरची भरती’ म्हणजे साडेचार मीटर उंचीच्या लाटा.

वस्तुस्थिती : जून तोंडावर आला की साडेचार मीटरांपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी मुंबई महानगरपालिका जाहीर करते, आणि दुसऱ्या दिवशी ‘समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ असे मथळे झळकतात. यादीतला आकडा लाटेचा नसतो, तो पातळीचा असतो. बंदराच्या नकाशांसाठी एक शून्यरेषा मुक्रर केलेली असते. ओहोटीचे पाणी एरवी जेथवर खाली जाते त्या नीचतम पातळीच्या आसपास ती असते. त्या रेषेपासून भरतीचे पाणी किती चढेल, एवढेच तो आकडा सांगतो. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्यरेषेच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. तेव्हा साडेचार मीटरांची भरती म्हणजे सरासरीहून दोन मीटर वर चढलेले पाणी, आणि हे चढणे सहा तासांत, भांड्यात दूध वर यावे तसे, निःशब्द होते. वारा नसेल तर त्या दिवशी शिवडीला पाणी आरशासारखे असू शकते. लाटेची उंची ही त्या पातळीच्या वर स्वतंत्रपणे मोजण्याची बाब आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. लाटांच्या धास्तीने माणसे मरीन ड्राइव्हचा कठडा टाळतात, ते योग्यच आहे. परंतु परळ-दादरच्या माणसासाठी मोठ्या भरतीचा खरा अर्थ निराळा आहे. शहराचे पावसाचे पाणी ज्या नाल्यांतून समुद्राला मिळते त्यांची तोंडे मोठ्या भरतीत पाण्याखाली जातात, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा चढते, आणि पाणी आपसूक वाहून जाण्याची वाट बंद होते. परळ-दादरमधल्या हिंदमाता या सखल भागाचे पाणी शिवडीच्या दक्षिणेस, रे रोडच्या ब्रिटानिया नाल्यावाटे बंदरात जाते, आणि तेथे ते उपसून टाकण्यासाठी पंप बसवावे लागले ते याच कारणाने. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा दुपारच्या भरतीची पातळी ४.४८ मीटर होती. त्या दिवशी शहर बुडाले ते लाटेने नव्हे. आकाशातले पाणी थांबेना आणि समुद्राने दार अडवलेले, या दोहोंच्या गाठीने बुडाले.

गैरसमज : मोठी भरती पावसाळ्यामुळे येते.

वस्तुस्थिती : भरती पावसाची वाट पाहत नाही. चंद्र आणि सूर्य यांची ओढ अमावास्या-पौर्णिमेला एका रेषेत येते तेव्हा उधाण येते, आणि अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींना काटकोनात असते तेव्हा भांग येतो. उधाणाचा कळस बहुधा पर्वतिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. ऐन हिवाळ्यातही साडेचार मीटरांच्या भरती येतात. परंतु आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसाच्या दोन भरतींपैकी थोरली भरती भरदुपारी येते, तर हिवाळ्यात मध्यरात्री, म्हणून ती कोणाच्या नजरेस पडत नाही.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब कोकणातल्या दर्यावर्दी माणसांना तोंडपाठ असतो : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, येतील तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अवसेला साडेअकरा-बाराच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा, सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतराने येते, म्हणून हीच वेळ सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आरंभीच्या कुटुंबाचे कोडे येथे सुटते : पौर्णिमेला बाराला भरती, म्हणून सहाला तळ उघडा, अष्टमीला सहालाच भरती. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची तफावत गृहीत धरावी, आणि नेमकी वेळ हवी असल्यास प्रसिद्ध होणारे भरतीचे कोष्टक पाहावे. रोहित पाहायचे असतील तर पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जावे, कारण चढते पाणी त्यांना हळूहळू काठाकडे सरकवत आणते.

गैरसमज : ओहोटीने उघडा पडलेला चिखल म्हणजे फिरावयाचे मैदान; पाणी येऊ लागले की परतता येते.

वस्तुस्थिती : पाणी सहाही तास सारख्या गतीने चढत नाही. खलाशांचा एक ठोकताळा आहे : एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. उधाणात एकूण चढ चार मीटरांचा धरला तर मधल्या दोन तासांत दर तासाला एक मीटर पाणी वाढते. उभ्या भिंतीवर एक मीटर म्हणजे कमरेइतके. परंतु शिवडीसारख्या जवळजवळ सपाट चिखलावर तेच पाणी आडवे पसरते आणि शेकडो पावलांची जागा बघता बघता व्यापते. त्यातही ते समोरून सरळ येत नाही. आधी चिखलातल्या खोलगट नाळी भरतात, त्यांतल्या काही माणसाच्या पाठीमागे असतात, आणि पाय तर गुडघ्यापर्यंत रुतलेले. पश्चिमेच्या चौपाट्यांवर धोका परतत्या लाटेच्या ओढीचा, येथे तो रुतण्याचा. या चिखलात वावरणे हे कोळ्यांचे पिढीजात कसब आहे. पाहुण्याने धक्का सोडू नये.

गैरसमज : समोर समुद्र आहे, म्हणजे शिवडीला समोरून गार वारा येणारच.

वस्तुस्थिती : दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारा उलट दिशेने वाहतो. हे शाळेत शिकलेले खरेच आहे. परंतु मुंबईचा खारा वारा येतो तो पश्चिमेच्या विशाल समुद्रावरून. पूर्वेकडील बंदराचे पाणी त्या मानाने चिंचोळे, आणि त्याच्या पलीकडे पुन्हा तापलेली जमीन. सबब, शिवडीच्या धक्क्यावर पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला उन्हाळ्यातला दुपारचा वारा पाठीवर लागतो, आणि तो वरळी-परळच्या तापल्या छपरांवरून आलेला असल्याने त्याचा गारवा वाटेतच काहीसा खर्ची पडलेला असतो.

मुंबईचा कडक उन्हाळा मे महिन्यातच असतो हाही असाच एक समज. मे महिना घामाचा, कारण हवा बाष्पाने भरलेली असते आणि घाम वाळत नाही. चौतीस अंशांतही जीव कासावीस होतो तो त्यामुळे. परंतु पाऱ्याचे उच्चांक मार्च-एप्रिलमधले आहेत : सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ आणि २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सियस नोंदले गेले. या दिवसांत कधीकधी पूर्वेचा कोरडा, तापलेला वारा इतका जोर धरतो की खारा वारा, जो एरवी दुपारच्या आत पोचतो, तो कित्येक तास अडून राहतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये हवामानाच्या अंदाजात पाऱ्याच्या आकड्याबरोबर वाऱ्याची दिशाही वाचावी.

गैरसमज : वारा नाही, आकाश स्वच्छ आहे, म्हणजे समुद्र निर्धोक आहे.

वस्तुस्थिती : लाट आपल्या जन्मदात्या वाऱ्याला मागे टाकून पुढे जाते. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील वादळांनी उठवलेली लांब पल्ल्याची लाट हजारो किलोमीटर प्रवास करून, एप्रिल-मे महिन्यांत, निरभ्र आकाशाखाली आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकते. केरळचे कोळी तिला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात, आणि हा शब्द आता शास्त्रज्ञांनीही स्वीकारला आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने मे २०२४ च्या आरंभी असा इशारा दिला तेव्हा मुंबईतही किनाऱ्यापासून दूर राहण्याची सूचना झाली. शिवडीला या लाटेचा उपद्रव फारसा होत नाही. परंतु शिवडीचे शांत पाणी पाहून त्याच दुपारी मुलांना गिरगाव वा दादरच्या पाण्यात सोडणारा माणूस एका समुद्राची साक्ष दुसऱ्याच्या खटल्यात ग्राह्य धरत असतो.

गैरसमज : चक्रीवादळे बंगालच्या उपसागराची, मुंबईला त्यांचे भय नाही.

वस्तुस्थिती : अरबी समुद्रात वादळे तुलनेने कमी होतात हे खरे, पण मे-जूनमध्ये पाणी सर्वाधिक तापलेले असते तेव्हा ती होतातच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाब्याला वाऱ्याच्या झोतांनी ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडली, आणि मुंबईच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडून अनेक कामगार प्राणास मुकले. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ शेकडो किलोमीटर दूर, गुजरातच्या वाटेवर असताना, जुहूच्या किनाऱ्यावर मुले बुडाली. अशा वेळी शिवडीचा आडोसाही पुरा विश्वासाचा नाही, कारण वादळाचा वारा बंदरातले पाणीच खवळवतो, आणि उधाणाची घटका जुळली तर पातळीही चढवतो.

कलकत्त्याला १८६४ च्या वादळाने उद्ध्वस्त केल्यावर बंदरांना आगाऊ इशारा देण्याची व्यवस्था आपल्याकडे सुरू झाली, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला असे आपण वाचतो तो त्याच परंपरेतला. बावट्याचा क्रमांक लाटेची उंची सांगत नाही; संकट किती जवळ व किती तीव्र, हे तो सांगतो, आणि तो होडीवाल्याइतकाच किनाऱ्यावरच्या माणसासाठीही असतो.

तेव्हा शिवडीला निघण्यापूर्वी चार गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. तिथी कोणती, म्हणजे पाणी केव्हा आणि किती? वारा कोठून, म्हणजे उकाडा कसा? दूरच्या लाटेचा इशारा आहे काय? बंदरावर बावटा आहे काय? यांतल्या एकीचे उत्तर दुसरीला देऊ नये. वद्य अष्टमीच्या पहाटे, मतलई वारा अजून अंगावर असताना, सहाच्या सुमारास धक्क्यावर गेलात तर पाणी भरलेले असेल, पलीकडे तुर्भ्याची टेकडी उजळू लागली असेल. आणि दुपारी बाराला तेच पाणी मागे सरून चिखल पुन्हा उघडा पडला असेल, तेव्हा तो पाहून हिरमुसण्याऐवजी तुम्ही, समुद्र वेळेवर गेला, असे म्हणाल.