व्यवसायसंस्थांसाठी ई-मेल वार्तापत्र : संमती, उपयुक्तता व मोजमाप

एका व्यवसायसंस्थेने आपल्या ग्राहक असलेल्या इतर व्यवसायसंस्थांस ठराविक काळाने ई-मेलद्वारे पाठविलेले माहितीपत्र म्हणजे व्यावसायिक वार्तापत्र होय. ते पाठविण्यास खर्च अत्यल्प येतो, आणि त्याच्या बहुतेक दोषांचे मूळ या स्वस्ताईतच आहे. छापील पत्रकामागे कागद, छपाई व टपालहशील यांचा खर्च असल्यामुळे पत्त्यांची निवड विचारपूर्वक करावी लागे. ई-मेलमध्ये हा लगाम सुटला आणि खर्चाचा भार वाचणाऱ्याच्या वेळेवर पडला.

या दृष्टीने १९७८ मधील एक घटना बोधप्रद आहे. त्या वर्षी ३ मे रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक-उत्पादक कंपनीच्या वतीने आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकच संदेश धाडण्यात आला. नवे संगणक पाहावयास यावे, असे निमंत्रण त्यात होते. ज्यांना तो मिळाला ते संगणकाशी संबंधित असेच लोक होते. म्हणजे विषय त्यांना सर्वस्वी परका नव्हता. तथापि तक्रारी झाल्या, आणि जाळे केवळ शासकीय कामासाठी असल्याने व्यवस्थापनाने हा नियमभंग ठरविला. न मागितलेल्या सामुदायिक व्यापारी ई-मेलचे हे आद्य उदाहरण मानले जाते. विषय संबंधित असला तरी संमतीची उणीव त्याने भरून निघत नाही, हा त्याचा इत्यर्थ होय.

संमतीनंतरचा प्रश्न उपयुक्ततेचा. व्यावसायिक ग्राहक ही बहुधा एकच व्यक्ती नसते. वेबस्टर व विंड यांनी १९७२ मध्ये संस्थात्मक खरेदीचे विवेचन करताना वापरणारे, प्रभाव टाकणारे, खरेदी करणारे, निर्णय घेणारे व माहितीचा ओघ नियंत्रित करणारे अशा भूमिका सांगितल्या. पंप बनविणाऱ्या कारखान्याचे वार्तापत्र घेतले, तर देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञास दुरुस्तीची माहिती हवी असते आणि खरेदी-अधिकाऱ्यास दर व पुरवठ्याची मुदत. दोघांस एकच मजकूर पाठविल्यास तो दोघांसही अर्धवट लागू पडतो. यास्तव यादीचे भूमिकेनुसार विभाग पाडावेत आणि प्रत्येक अंकास एकच मुख्य विषय असावा. शीर्षकाच्या ओळीतून आतील मजकूर कळला पाहिजे. ‘जूनचे वार्तापत्र’ हे शीर्षक काहीच सांगत नाही. ‘पावसाळ्यापूर्वी मोटारीत तपासावयाच्या चार गोष्टी’ हे शीर्षक वाचकाच्या कामाशी थेट भिडते.

संमतीचे तत्त्व आता केवळ शिष्टाचाराचे राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक संदेश पाठविणाऱ्यांनी आपली ओळख तांत्रिक रीतीने सिद्ध करणे, वार्तापत्र एकाच टिचकीने बंद करण्याची सोय देणे आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखणे आवश्यक झाले. हजारी तीन तक्रारी म्हणजे ही मर्यादा गाठली. ती ओलांडली की ज्यांनी वार्तापत्र स्वेच्छेने मागितले त्यांच्यापर्यंतही ते पोहोचेनासे होण्याचा धोका असतो.

राहता राहिला मोजमापाचा प्रश्न. संदेशात दडविलेले सूक्ष्म चित्र वाचकाच्या यंत्रावर उतरले की ‘पत्र उघडले’ अशी नोंद होते. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल-प्रणालीत अशी सोय आणली की, ती स्वीकारणाऱ्या वाचकाने पत्र उघडो वा न उघडो, चित्रे आधीच उतरविली जातात. परिणामी उघडल्याच्या नोंदीवरून वाचनाचे अनुमान करणे भ्रामक ठरते. त्यापेक्षा आलेली उत्तरे, झालेल्या चौकशा आणि वार्तापत्र बंद करणाऱ्यांची संख्या हे पुरावे अधिक विश्वसनीय होत. यादीतून बाहेर पडणारा वाचकही मजकूर कोठे निरुपयोगी ठरला याची सूचनाच देत असतो.

सारांश, वार्तापत्राचे बळ यादीच्या लांबीवर नव्हे, तर पुढील अंक यावा असे किती वाचकांना वाटते यावर अवलंबून असते. अनावश्यक अंक पाठविण्यास पैसा लागत नाही. परंतु त्याची किंमत ग्राहकाच्या विश्वासातून वसूल होते.