द्रव्याची चौथी अवस्था

घन, द्रव आणि वायु या द्रव्याच्या तीन अवस्था शाळेंत सर्वांनींच पाठ केलेल्या असतात. परंतु वायु अतिशय तापविला, अथवा त्यांतून विजेचा प्रवाह जोरानें सोडला, म्हणजे त्याच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. ऋणभारित इलेक्ट्रॉन आणि मागें राहिलेले धनभारित अणु यांचें हें मिश्रण वीज वाहून नेऊं शकतें. हीच चौथी अवस्था होय. १८७९ सालीं इंग्लंडांत विल्यम क्रुक्स यांनीं तिचें वर्णन केलें. १९२८ सालीं अमेरिकेंत आयर्विंग लँगम्यूर यांनीं तिला ‘प्लाझ्मा’ हें नांव दिलें.

सूर्य व तारे प्लाझ्माचेच बनलेले आहेत. किती उष्णतेस किती अणु असे विभागले जातात, याचें गणित आपल्या मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं मांडलें, आणि ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचें उष्णतामान ताडण्याची किल्ली खगोलशास्त्राच्या हातीं आली.

तथापि प्लाझ्मा पाहण्यास आकाशाकडेच दृष्टि लावावी लागते असें नाहीं. अनेक घरांत अद्यापि असलेली ट्यूबलाइटची नळी घ्या. तींत विरळ आर्गॉन वायु व अल्पसा पारा असतो. बटन दाबतांच आंत प्लाझ्मा तयार होतो. पाऱ्याच्या वाफेंतून अदृश्य अतिनील किरण निघतात, आणि कांचेच्या आंतील पांढरा लेप त्यांचें शुभ्र उजेडांत रूपांतर करतो. इलेक्ट्रॉन कित्येक हजार अंश तप्त असतात. पण वायु इतका विरळ कीं नळी केवळ कोमट लागते. हाच प्लाझ्मा कारखान्यांत पोलाद कापतो आणि मोबाइलच्या चिपवर केसाहून शेकडों पट सूक्ष्म रेषा कोरतो. सूर्याप्रमाणें ऊर्जा मिळविण्याच्या संशोधनासाठीं गांधीनगरजवळ १९८९ सालीं ‘आदित्य’ हें यंत्र सुरू झालें. त्यांत प्लाझ्मा चुंबकांच्या बळावर कोंडला जातो.

आतां एलईडी दिव्यांमुळें जुन्या नळ्या घराबाहेर निघत आहेत. येथें कर्त्या मंडळींस आमची विनंती आहे. नळींतील पारा थोडा असला तरी तो विषारी आहे. ती कचऱ्यांत फेकूं नये, मुलांना खेळावयास देऊं नये. फुटलीच तर खिडक्या उघडून सर्वांनीं कांहीं वेळ खोलीबाहेर जावें. नंतर केरसुणी न फिरवितां तुकडे जाड कागदानें उचलावे, ओल्या फडक्यानें जागा पुसावी आणि सर्व बरणींत घट्ट बंद करावें. तें, तशीच अखंड नळीही, ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी. जिच्या उजेडांत मुलांनीं अभ्यास केला, तिची शेवटची व्यवस्थाही जाणतेपणानें लावणें हें सुशिक्षित गृहस्थाचें कर्तव्यच होय.