भोगवर्धनचे मणिकार आणि विजयाची चिन्हे

जालना जिल्ह्यातील केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. प्रतिष्ठानहून, म्हणजे आजच्या पैठणहून, उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर हे नगर वसले होते. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या उपासकांचा समावेश असल्याचे तेथील दानलेखांवरून कळते. 1973 साली शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी येथे उत्खनन केले. त्यात मौल्यवान दगडांचे मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंती वस्तू मिळाल्या. इटलीतील पाँपेई नगर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. तेथे 1938 साली सापडलेल्या अलंकारमंडित भारतीय हस्तिदंती मूर्तीशी भोकरदनच्या एका मूर्तिखंडाचे निकटचे साम्य आहे.

त्या काळच्या अलंकारांत कोणती चिन्हे गुंफली जात, हे सांचीच्या तोरणस्तंभावर पाहावयास मिळते. तेथे मंगलचिन्हांचे दोन कंठहार कोरलेले आहेत. वासुदेवशरण अग्रवाल यांनी एकात 11 व दुसऱ्यात 13 चिन्हे असल्याचे नोंदविले असून त्यांत श्रीवत्स, मत्स्ययुगुल, कमळ, अंकुश यांबरोबर वैजयंती, म्हणजे विजयध्वज, हेही चिन्ह ओळखले आहे. ध्वज, अंकुश व चक्र ही मूळची राजसत्तेची व रणविजयाची चिन्हे. बौद्ध कलेने ती स्वीकारली, परंतु त्यांचा अर्थ पालटला. चक्रवर्ती राजाचे चक्र धम्मचक्र झाले; माराला जिंकणारे तथागत ‘जिन’ म्हणून गौरविले गेले. रणांगणात सहस्रावधी शत्रूंना जिंकणाऱ्यापेक्षा स्वतःला जिंकणारा श्रेष्ठ, हा धम्मपदाच्या सहस्सवग्गाचा उपदेश आहे. कलिंगयुद्धानंतर सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात धम्मविजयालाच सर्वश्रेष्ठ विजय म्हटले, ते याच अर्थाने.

मग असे चिन्ह गळ्यात धारण केल्याने विजय अथवा यश प्राप्त होते काय? आज धम्मचक्र, त्रिरत्न आणि पिंपळपान यांची पदके सर्वत्र मिळतात. काही विक्रेते ती ‘यशदायी’ म्हणूनही विकतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. अशोकाचा नववा शिलालेख याच विषयावर आहे. आजारपण, विवाह, प्रवास अशा प्रसंगी लोक करीत असलेले मंगलविधी अल्पफलदायी असून दास-सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर आणि प्राण्यांविषयी संयम हेच धम्ममंगल होय, असे तो सांगतो. या लेखाचा एक खंड 1956 साली आपल्याच महाराष्ट्रात, सोपारा परिसरात सापडला.

मंगलसुत्तात परंपरेने 38 मंगले मोजली जातात. त्यांत एकही ताईत, मणी अथवा चिन्ह नाही. मात्र ‘सिप्प’, म्हणजे शिल्प किंवा हस्तकौशल्य, हे एक मंगल आहे. त्याचे विवरण करताना अट्ठकथाकारांनी गृहस्थाच्या शिल्पाचे उदाहरण म्हणून मणिकाराचे व सोनाराचेच काम दिले आहे. कारण त्यात परपीडा नाही. म्हणजेच मंगल हाराच्या चिन्हात नसून तो घडविणाऱ्याच्या कौशल्यात व निर्दोष उपजीविकेत आहे. पितळखोरे येथील यक्षमूर्तीच्या हातावरील लेखात ती कण्हदास या सुवर्णकाराने घडविल्याचे म्हटले आहे. श्रम करणाऱ्या कारागिराचे नाव दगडावर कोरून ठेवणारी ही परंपरा आहे.

अलंकार त्याज्य आहेत, असा याचा अर्थ नव्हे. माला-अलंकारांपासून विरती भिक्षूंसाठी आणि उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्या उपासकांसाठी आहे. एरव्ही गृहस्थाला त्यांची मनाई नाही. महाउपासिका विशाखेचा महालता अलंकार नऊ कोटींचा होता, असे धम्मपद-अट्ठकथेत म्हटले आहे. तिने तो विकावयास काढला. एवढे मोल देणारा कोणी मिळेना, तेव्हा स्वतःच ते मोल देऊन त्या धनातून श्रावस्तीला पूर्वाराम विहार उभारला. विशाखेचे नाव तिच्या अलंकारामुळे नव्हे, तर या दानामुळे राहिले आहे.

उपासक-उपासिकांनी धम्मचक्राचे पदक अवश्य धारण करावे. ते आपल्या शरणगमनाची व पंचशीलाची आठवण आहे, एवढेच त्याचे प्रयोजन. यशाची हमी म्हणून ते विकत घेणे म्हणजे ज्या ताईत-गंड्यांचा आपण त्याग केला, तेच नव्या आकारात गळ्यात बांधणे होय.