मुंबई शहर जिल्हा : भरावाची भूमी आणि तिचे दप्तर

महाराष्ट्रातील जिल्हा म्हटला की तालुके, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषद हे ओघाने आलेच. मुंबई शहर जिल्ह्यात मात्र यांतले काहीच नाही, कारण कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या या चिंचोळ्या पट्ट्यात ग्रामीण भाग उरलेलाच नाही. पाणी, रस्ते आणि कचरा यांसाठी परळ-लालबागचा रहिवासी महापालिकेच्या एफ दक्षिण विभागाकडे जातो, पश्चिम दादरचा जी उत्तरकडे. जिल्हाधिकाऱ्यांशी त्याचा संबंध क्वचितच येतो. तरीही या जिल्ह्याला स्वतःचे असे एक दप्तर आहे, आणि ते जमिनीचे आहे.

ही जमीन मुळात सलग नव्हतीच. 1534 च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे, 1661 च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाकडे आणि 1668 मध्ये वार्षिक 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलेला हा मुलूख म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे. मुंबई आणि वरळी यांच्यामधल्या खिंडीतून भरतीचे पाणी थेट आतल्या सखल भागात शिरे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती खिंड बुजवली. पुढे 1838 मध्ये कुलाब्याचा आणि 1845 मध्ये माहीमचा रस्ता झाला. समुद्र हटला, पण सखलपणा गेला नाही. मुसळधार पावसात परळ-दादरच्या मधले हिंदमाता आजही बशीसारखे भरते, त्यामागे हाच भूगोल आहे.

खाजणातून उठवलेल्या अशा जमिनींच्या धारणेचा ‘फोरास’ हा एक स्वतंत्र प्रकार येथे रूढ झाला. 1876 मध्ये शहरासाठी वेगळा महसूल कायदा आला आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही मुंबई शहरासाठी स्वतंत्र प्रकरण राखले. म्हणून येथे सातबारा नाही. त्याऐवजी प्रत्येक भूखंडाला सी. एस. नंबर, म्हणजे कॅडेस्ट्रल सर्व्हे क्रमांक, असतो आणि त्यापुढे ‘परळ-शिवडी’, ‘दादर-नायगाव’ किंवा ‘गिरगाव’ असे डिव्हिजनचे नाव येते. वॉर्डांच्या इंग्रजी अक्षरांपेक्षा जुन्या वस्त्यांचा पत्ता या नावांनीच अधिक नीट जपला आहे.

कारभाराच्या सीमा मात्र बदलत राहिल्या. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखीव वस्ती वसवली आणि 1933 मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. 1950 आणि 1957 मध्ये पालिकेची हद्द उपनगरांत मुलुंड-दहिसरपर्यंत सरकली. 1990 मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला आणि शहर जिल्ह्याची उत्तर सीमा जवळजवळ जुन्या बेटांच्या कडेशी येऊन थांबली. शहराने सगळा प्रदेश व्यापल्यावर जिल्ह्याचे काय करावे, हा पेच इटलीलाही पडला. तेथे 2015 मध्ये मिलान आणि नापोली हे प्रांतच महानगर-संस्थांमध्ये रूपांतरित करण्यात आले. मुंबईत एकच महापालिका आणि दोन जिल्हे अशी उलटी रचना आहे, आणि सामान्य नागरिकाला ती गोंधळात टाकणारीच ठरते.

2001 मध्ये 33,38,031 असलेली या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 30,85,411 वर आली. त्याच काळात गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहत होते. आता पाळी चाळींची आहे. गिरगाव-लालबागच्या रहिवाशांनी पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी आपल्या चाळीचा सी. एस. नंबर शोधून तिचे मालमत्ता पत्रक शहर भूमापन कार्यालयातून काढावे आणि त्यावरील क्षेत्र, धारणाप्रकार आणि धारकाचे नाव स्वतः वाचून घ्यावे.